भिंतीआडचा गोल

टीव्ही भिंतीवर लावायचा, एवढंच ठरलं होतं. लीगचे शेवटचे पाच सामने राहिले होते. आमची पिवळ्या जर्सीची टीम दुसऱ्या नंबरावर होती, पहिल्या नंबरावरचे निळे आमच्यापुढे चार गुणांनी होते आणि टेबलावर ठेवलेला टीव्ही मागच्या खुर्च्यांवरून नीट दिसत नव्हता. यात कुणाला काही वावगं वाटण्यासारखं आहे का? पण आमच्या बिल्डिंगमध्ये साधा खिळा ठोकायचा म्हटला तरी हातोडीभोवती चार शहाणे जमतात, आणि मी तर चार स्क्रू पिळायला निघालो होतो.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांच्या तराजूचा काटा मधोमध उभा राहतो की नाही हे बघण्यात माझी नोकरी चालली आहे. त्यामुळे शकुन, अपशकुन, पायगुण असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. ‘नव्हता’ हा शब्द मी विचार करून वापरतो आहे.

मला फक्त एकदा आमच्या टीमला लीग जिंकताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. टीमने याआधी लीग जिंकली ती माझ्या जन्माआधी, आणि त्या वेळचा शेवटचा गोल आमच्या आप्पांनी पाहिलेला. आप्पा म्हणजे माझे वडील. तो गोल मी लहानपणापासून जेवणाच्या टेबलावर पाहत आलो आहे. वाटी म्हणजे गोलकीपर, उभा धरलेला चमचा म्हणजे खांब. “डावा पाय. चेंडू असा वळला, गोलकीपरच्या बोटांना चाटला, खांबाला लागला, खांबावर चिखलाचा एक ठिपका राहिला आणि चेंडू आत.” इतकं सांगून आप्पा चमचा खाली ठेवायचे आणि जेवायला लागायचे. त्या चिखलाच्या ठिपक्याचा मला जन्मभर हेवा वाटला. असा एक ठिपका माझ्याही वाट्याला यावा, एवढीच इच्छा होती.

सामने आमच्या घरी पाहायचे हा शिरस्ता. समोरच्या फ्लॅटमधले दातांचे डॉक्टर, वरच्या मजल्यावरचे गणिताचे निवृत्त सर आणि माझा मेव्हणा, असे तिघे येतात. डॉक्टरांचा टीव्ही आमच्यापेक्षा मोठा आहे, पण त्यांच्या बायकोला फुटबॉल आवडत नाही. माझ्याही बायकोला आवडत नाही, पण या मंडळींत तिचा सख्खा भाऊ असल्यामुळे तिला बोलता येत नाही. आप्पा त्यांच्या आरामखुर्चीत डोळे मिटून बसतात. ते झोपलेत की पाहताहेत हे विचारायची आमच्यात पद्धत नाही.

टीमची शक्यता तोलण्याची या तिघांची तीन मापं होती. सर टक्क्यांत बोलायचे. “एकोणीस टक्के,” ते म्हणाले, “आणि हे मी जरा सढळ हाताने देतोय.” मेव्हणा विमा कंपनीत आहे, त्यामुळे धोका हा शब्द त्याच्या तोंडून फक्त गिऱ्हाइकासमोर निघतो. “यंदा आपलंच आहे भाऊजी, मी सांगतो ना,” असं तो दरवर्षी सांगतो. डॉक्टरांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, “बचावफळी आतून किडलेली आहे. वरून दिसत नाही, पण चावायची वेळ आली की कळेल.”

टीव्ही किती उंचीवर लावायचा यावरही तिघांची तीन मतं पडली. डॉक्टरांच्या मते माणसाने मान मागे टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून पाहावं इतका वर. सरांनी भिंतीची उंची मोजून तिचा एक तृतीयांश काढला. मेव्हणा म्हणाला, छतालगत लावा, म्हणजे पुढच्यांची डोकी आड येणार नाहीत. शेवटी माझी बायको आतून आली, भिंतीवर ओल आली होती तिथे बोट ठेवलं आणि “हे झाकलं जाईल असा लावा,” म्हणून आत गेली. मतदान तिथेच संपलं.

इलेक्ट्रिशियन शनिवारी येणार होता. म्हणजे रीतीप्रमाणे तो रविवारी, पहिला सामना तोंडावर आला असताना आला. तीन भोकं लोण्यात पडावीत तशी पडली. चौथ्याला ड्रिल मशीन एकदम आत गेलं आणि पलीकडून कुणीतरी “अहो” म्हणालं.

ती भिंत जिन्याची होती, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. इलेक्ट्रिशियनने भोकाला डोळा लावला. “साहेब,” तो म्हणाला, “पलीकडूनपण कोणीतरी बघतंय.”

पलीकडे सोसायटीचे सेक्रेटरी होते. दोन जिने चढून नेमके तिथे दम खायला थांबले होते. खांद्यावर भिंतीचा चुरा, चष्म्यावर भिंतीचा चुरा. सबंध बिल्डिंगमध्ये नियमावली तोंडपाठ असलेला हा एकच माणूस, आणि माझ्या ड्रिलने नेमकं त्यालाच गाठावं, याला काय म्हणायचं? ते काही न बोलता वर निघून गेले. न बोलता गेलेले सेक्रेटरी वाईट असतात.

इलेक्ट्रिशियनने तीन स्क्रूंवर टीव्ही टांगला. “चौथा नुसता शोभेला असतो,” तो म्हणाला. “ते भोक बुजवून घ्या, मग बाजूला नवीन पाडून देतो.” सामना सुरू झाला. पहिला अर्धा भाग रखडला. दुसऱ्या भागात बेल वाजली. चष्मा पुसून, कपडे बदलून, नियमावली घेऊन सेक्रेटरी दारात उभे होते. मी पायांत हाताशी लागल्या त्या बाथरूमच्या सपाता सरकवल्या, दार ओढून घेतलं आणि जिन्यात गेलो.

“भोक तुमचं असेल,” ते म्हणाले, “भिंत सामाईक आहे.”

“उद्याच बुजवून टाकतो.”

“बुजवायलाही परवानगी लागते. सामाईक भिंतीला हात लावायचा तर कमिटीकडे अर्ज करावा लागतो.”

“पण पाडताना मी परवानगी घेतली नव्हती.”

“तेच तर माझं म्हणणं आहे.”

एवढ्यात आत आरडाओरडा झाला. पिवळ्यांचा गोल. मी आत धावलो तोवर सगळे मिठ्या मारून मोकळे झाले होते. आपण एक-शून्य जिंकलो. निळेही जिंकले, त्यामुळे फरक चारचाच राहिला, पण जिंकलो. मला थोडी चुटपुट लागली, पण म्हटलं, अजून चार सामने आहेत.

दुसऱ्या सामन्यात मी पहिल्यापासून ठाण मांडून बसलो आणि आपल्यावर एक गोल झाला. दुसऱ्या भागात पुन्हा बेल. सेक्रेटरी टेप घेऊन आले होते. भोकाचा व्यास अर्जात लिहावा लागतो आणि मोजताना अर्जदाराने समक्ष हजर राहायचं असतं. मी त्याच सपाता घालून समक्ष हजर राहिलो. व्यास जिन्याकडून मोजायचा की घराकडून, यावर आमची वादावादी रंगली असताना आत आपला एक गोल झाला, आणि निर्णय होईपर्यंत दुसराही. मी आत आलो मात्र, समोरच्या टीमचा चेंडू आपल्या गोलच्या आडव्या दांडीवर आदळला. सरांनी टीव्हीवरून नजर काढली आणि माझ्या सपातांकडे पाहिलं. आपण दोन-एक जिंकलो आणि निळ्यांनी त्या दिवशी बरोबरी केली. फरक दोनवर आला.

तिसऱ्या सामन्याला सेक्रेटरी गावाला गेले होते. मी शेवटपर्यंत हललो नाही. गोलही झाला नाही. शून्य-शून्य. निळेही बरोबरीत अडकले म्हणून निभावलं. सामना संपला तरी कुणी उठेना. चहा निवत होता.

डॉक्टर खुर्ची जरा पुढे ओढून माझ्याजवळ आले. “थोडं दुखेल,” ते म्हणाले, “पण आत्ताच काढून टाकलेलं बरं.”

“काय काढून टाकायचंय?”

“तुम्हाला.”

सरांनी आकडेवारी मांडली. मी घरात असताना आपला एकही गोल झालेला नव्हता. जे झाले ते सगळे मी जिन्यात असताना. मी म्हटलं, “कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, त्यात एवढं काय?” सर शांतपणे म्हणाले, “कावळा दोनदा बसला, फांदी तीनदा मोडली. आज कावळा बसला नाही, तर पानसुद्धा हललं नाही. मी जन्मभर मुलांना शिकवलंय, उत्तर आवडलं नाही म्हणून गणित बदलत नाही.”

मी मेव्हण्याकडे पाहिलं. माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर, माझ्याच बायकोचा भाऊ. तो म्हणाला, “भाऊजी, दोनच तर सामने राहिलेत, मी सांगतो ना.” मग मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “बाहेर उभंच राहायचंय तर येताना दूध आणा.” त्यावर सर घाईघाईने म्हणाले, “नाही वहिनी. दूध आधीच्या दोन्ही वेळेला नव्हतं.” पांढऱ्या पायाचा हा शब्द कुणी उच्चारला नाही, एवढी सभ्यता सर्वांनी पाळली. आप्पांनी मात्र एकदा डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार असं वाटलं आणि पुन्हा मिटले.

मी जाणार नाही असं ठणकावून सांगितलं असतं, पण फरक दोनवर आला होता. माणसाला स्वाभिमान हवा हे खरं, पण लीगही हवी.

चौथ्या सामन्याला मी बाथरूमच्या सपाता घालून जिन्यात उभा होतो. स्वयंपाकघरात उभं राहिलं तर चालेल का, उंबरठ्यावर चालेल का, या माझ्या सूचना फेटाळल्या गेल्या. आत काय चाललंय ते मला फक्त त्या चौथ्या भोकातून कळत होतं. ऐकू नीट यायचं. दिसायचं म्हणाल, तर भोकाला डोळा लावला की माझ्याच टीव्हीची पाठ, गुंतलेल्या वायरी आणि ‘हे झाकण उघडू नये’ ही पट्टी. येणारे-जाणारे शेजारी विचारायचे, “किल्ली विसरलात का?” मी हो म्हणायचो. दर वेळी वाद कोण घालत बसणार?

बराच वेळ झाला तरी गोल होईना. दार किलकिलं झालं आणि डॉक्टरांनी डोकं बाहेर काढलं.

“सेक्रेटरी कुठे आहेत?”

“त्यांचा इथे काय संबंध?”

“दोन्ही वेळेला ते होते. अर्धंच औषध घेऊन गुण कसा येईल?”

मेव्हणा वर पळाला आणि सेक्रेटरींना घेऊन आला. ते जेवणावरून उठून आले होते. फुटबॉल म्हणजे काय याचा त्यांना गंध नव्हता, पण कुणीतरी आपणहून भांडायला बोलावतंय याचं त्यांना अप्रूप वाटलेलं दिसलं. “विषय कोणता घ्यायचा?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “मागचाच पुढे चालवा.” ते म्हणाले, “मागच्या वेळी व्यासावर थांबलो होतो. आता खोली घेऊ.” आणि खरंच, भोकाच्या खोलीवर आमचे आवाज चढले न चढले तोच आत गोल झाला. आपण जिंकलो. निळ्यांनी पुन्हा बरोबरी केली. दोघांचे गुण सारखे झाले.

शेवटचा सामना होता खुद्द निळ्यांशीच. गोलांच्या हिशेबात ते आमच्या पुढे होते, म्हणून बरोबरी झाली तर लीग त्यांची. आम्हाला जिंकायलाच हवं होतं. सरांनी शक्यता काढली: मी आत असेन तर शून्य, बाहेर असेन तर अठ्ठेचाळीस. मेव्हणा म्हणाला, “मी सांगतो ना,” आणि जन्मात पहिल्यांदा पुढचं वाक्य गिळलं. डॉक्टर नुसते हात धुऊन आले.

त्या आठवड्यात मला दुकानांत काम सुचत नव्हतं. एका तराजूचा काटा सरळ उभा असताना मी तो तीनदा तपासला. सारखं वाटत होतं, सगळं गाव तो सामना पाहणार आणि इतकी वर्षं वाट पाहिलेला मी टीव्हीची पाठ पाहणार. वाईट वाटत होतं, आणि ते कुणाला सांगावं तर हसण्यावारी जाणार.

रविवारी मी घरातल्या दोन खुर्च्या जिन्यात मांडल्या. एक मला, एक सेक्रेटरींना. सेक्रेटरी इस्त्रीचा शर्ट घालून आले. चेहरा फुललेला. बसताच त्यांनी खिशातून कागद काढला.

“कमिटीची खास बैठक लावली. भोक बुजवायला मंजुरी. तुमचं काम झालं.”

मी कपाळाला हात लावला. “अहो, आजच्या दिवशी?”

“म्हटलं, एवढे दिवस तुम्हाला ताटकळत ठेवलं.”

आता भांडायचं कशावर? मी म्हटलं, मंजुरी उशिरा दिलीत. ते म्हणाले, बरोबर आहे तुमचं. मी म्हटलं, तुमचे नियम जाचक आहेत. ते म्हणाले, मलाही कधीकधी तसं वाटतं. चार रविवारांत त्या माणसाला माझा लळा लागला होता आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचा. आम्ही मनापासून प्रयत्न केला, पण वाद काही पेटेना. आत शून्य-शून्य चाललं होतं.

शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा दार उघडून बायको बाहेर आली. “बास झालं,” ती म्हणाली. “घर आपलं, टीव्ही आपला. चला आत. हरले तर हरले. निदान डोळ्यांनी तरी पाहाल.”

ती हे माझ्या बाजूने बोलली याने मला भरून आलं. मी उठलो, सपाता काढल्या आणि उजवा पाय उंबरठ्याच्या आत टाकला. तेवढ्यात आत सर्वांचा एकदम श्वास अडकला. निळ्यांचा चेंडू खांबाला लागून बाहेर गेला होता. मी पाय काढून घेतला आणि सपाता पुन्हा घातल्या.

“राहू दे,” मी म्हटलं. “मी इथेच बरा आहे.”

बायकोने माझ्याकडे बघून मान हलवली. ती आत जायला वळली तर तिच्या मागून आप्पा काठी टेकत येत होते. सेक्रेटरींनी उठून त्यांना खुर्ची दिली. आप्पा बसले, काठी गुडघ्यांत धरली आणि म्हणाले, “तुझा दोष नाही रे. माझ्याकडून आलंय ते तुझ्यात.”

“काय आलंय?”

“हेच. त्या वर्षीही असंच झालं होतं. मी मैदानात असलो की गोल व्हायचा नाही. शेवटच्या सामन्याला मित्रांनी मला बाहेर सायकल स्टँडवर उभं केलं. भिंतीआड. नुसता गलका ऐकला. मग सायकल घ्यायला एक जण आला, त्याने सांगितलं, गोल झाला म्हणून.”

आत कुणीतरी “मार, मार” म्हणत होतं.

“म्हणजे तुम्ही पाहिलाच नाही?”

“नाही. तू विचारलंस तेव्हा एवढासा होतास. बाप बाहेर उभा होता, हे कसं सांगायचं?”

“डावा पाय?”

“तो त्या सायकलवाल्याने सांगितला.”

“आणि खांबावरचा चिखलाचा ठिपका?”

आप्पांनी काठी उभी धरली. “तो माझा,” ते म्हणाले.

मी हसायला लागलो. आप्पाही हसले, आणि कशाला हसतोय हे न कळताच सेक्रेटरीही हसले. आम्ही तिघं जिन्यात हसत होतो तेव्हाच आत तो गलका झाला. गोल. पाठोपाठ एक धाड असा आवाज आला आणि मग काहीच ऐकू येईना.

मी भोकाला डोळा लावला. टीव्हीची पाठ नव्हती. पलीकडून डॉक्टरांचा डोळा होता.

झालं ते असं की, गोल होताच मेव्हण्याने आनंदाच्या भरात समोर जे होतं त्याला मिठी मारली, आणि समोर भिंत होती. चौथा स्क्रू फक्त शोभेला असतो ही माहिती चुकीची निघाली. टीव्ही तोंडावर पडला. दार उघडून सगळे जिन्यात आले. उरलेला सामना डॉक्टरांच्या घरी पाहायला आत घुसले आणि त्यांच्या बायकोला पहिल्यांदाच काही बोलता आलं नाही. मी मात्र गेलो नाही. आप्पांशेजारी बसून राहिलो. थोड्या वेळाने वरून, खालून, सगळ्या मजल्यांवरून एकदम आवाज उठला, तेव्हा कळलं की लीग आपली. आप्पांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला रडू आलं. सेक्रेटरी भिंतीकडे तोंड करून नियमावली वाचत उभे राहिले.

तो गोल मी अजून पाहिलेला नाही. बायकोने मोबाईलवर लावून दिला होता. मी आप्पांकडे पाहिलं. “बघ की,” ते म्हणाले, “मी कुठे नाही म्हणतोय?” मी मोबाईल पालथा ठेवला. भोकही बुजवलेलं नाही. मंजुरीला पुढच्या हंगामापर्यंत मुदत मिळावी असा अर्ज मी दिला, आणि सेक्रेटरींनी तो उभ्या उभ्या मंजूर केला. सरांनी नवं गणित मांडलं आहे. शेवटचा गोल भांडण न होता, आप्पा बाहेर आल्यावर झाला, म्हणून पुढच्या वर्षी जिन्यात तीन खुर्च्या लागतील.

सोमवारी एका वाण्याच्या दुकानात तपासणीला गेलो. तो वजनं पुढे ठेवत म्हणाला, “साहेब, गोल पाहिलात ना?”

“म्हणजे काय,” मी म्हटलं. पाव किलोचं वजन मधे ठेवलं, तो गोलकीपर. तेल मापायचा लांब दांड्याचा डाव उभा धरला, तो खांब. “डावा पाय. चेंडू असा वळला, याच्या बोटांना चाटला, खांबाला लागला, खांबावर चुन्याचा एक पांढरा ठिपका राहिला आणि चेंडू आत.”

वाणी डोळे मोठे करून ऐकत होता. मग त्याने खांबावर नेमक्या जागी बोट टेकवलं.

“इथेच ना?” तो म्हणाला. “मीपण पाहिला तो ठिपका.”